पागोळीपासून टाकीपर्यंत: गोव्यातल्या घरासाठी मे महिन्याचे पाणी कसे राखावे

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल उजाडला की पेडण्यापासून काणकोणपर्यंत टँकरची वाट पाहणारी घरे दिसतात. यावर उपाय म्हणून लोक मे महिन्यात घाईघाईने टाकी आणतात, पाऊस सुरू झाल्यावर तिला पाइप जोडतात आणि पुढच्या एप्रिलमध्ये टाकीतले पाणी हिरवे झाले म्हणून ओतून देतात. टाकीत सहसा दोष नसतो. चुकलेला असतो कामाचा क्रम. टाकी ही या कामातली सहावी पायरी आहे. तिच्याआधीच्या पायऱ्या गाळल्या की कितीही मोठी टाकी बांधा, मे महिन्यात उपयोग नाही.

खालचा क्रम स्वतंत्र घरासाठी आहे, मग ते कौलारू असो, स्लॅबचे असो किंवा स्लॅबवर पत्रे घातलेले. नवे घर बांधत असाल तर नकाशा कागदावर असतानाच या गोष्टी ठरवा. जुन्या घरात हे काम दिवाळी ते शिमगा या कोरड्या दिवसांत हाती घ्यावे. मृग तोंडावर आल्यावर गवंडी मिळत नाही आणि मिळाला तरी नव्या काँक्रीटला मुरायला वेळ उरत नाही.

१. आधी टंचाईचे दिवस मोजा, लिटर नंतर

बहुतेक जण सुरुवात "किती लिटरची टाकी घेऊ?" या प्रश्नाने करतात. आधी विचारायचे ते हे: आपल्या घरी पाणी नक्की कोणत्या तारखांना कमी पडते? मागच्या दोन उन्हाळ्यांची आठवण काढा. विहीर कधी तळाला गेली, नळ किती दिवस कोरडा होता, टँकर कधी मागवला. भिंतीवरच्या कालनिर्णयावर अशा खुणा केलेल्या असतील तर फारच उत्तम. नसतील तर यंदापासून करा.

टंचाई दोन तऱ्हेची असते. एक ऋतूची, म्हणजे विहीर आटते, धरणाची पातळी उतरते. दुसरी अचानक येणारी: जलवाहिनी फुटते, पंप बंद पडतो, तिळारी धरणाच्या कालव्याला भगदाड पडते आणि अस्नोडा किंवा चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पावर अवलंबून असलेल्या गावांचे नळ भर हिवाळ्यातही थांबतात. पहिलीसाठी मोठा साठा लागतो, दुसरीसाठी चार-पाच दिवसांचा. एकाच टाकीवर दोन्ही भागवायचे असेल, तर त्यातले किती पाणी राखीव हे आताच ठरवून ठेवा.

आता हिशेब. समजा घरात पाच माणसे आहेत आणि ओढाताण १५ मार्च ते १५ जून, म्हणजे सुमारे नव्वद दिवस. शहरी घरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. टंचाईच्या दिवसांत नीट वापरले तर ६० लिटरमध्ये भागते. पाच माणसांचे दिवसाला ३०० लिटर, नव्वद दिवसांचे २७ हजार लिटर. त्यातले निम्मे नळ किंवा विहीर देत असेल तर तुमची गरज साडेतेरा हजार. म्हणजे १५ हजार लिटरची टाकी पुरे. फक्त पिण्या-स्वयंपाकापुरते माणशी १० लिटर धरले, तर तेच साडेचार हजारांवर येते.

तपासणी: हा आकडा ५० हजारांच्या वर जात असेल तर टाकी मोठी करायला धावू नका. पुढची पायरी करा आणि परत मोजा.

२. खर्च कमी करा, मगच साठवा

रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी कोणी पाणी वापरायच्या आत पुन्हा पाहा. आकडा हलला असेल तर गळती आहे. मीटर नसेल तर वरच्या टाकीत येणारे पाणी बंद करून पातळीवर खडूने रेघ मारा. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे वीस लिटर घालवतो. नव्वद दिवसांत अठराशे. तेवढ्या पाण्यासाठी टाकी बांधण्यापेक्षा वायसर बदलणे सोपे.

फ्लशची गळती डोळ्यांना दिसत नाही. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि पंधरा-वीस मिनिटे कोणाला वापरू देऊ नका. खाली भांड्यात रंग उतरला तर आतले रबर गेले. जुनी फ्लशची टाकी एका वेळी दहा-बारा लिटर पाणी ओतते. दोन बटनांची नवी तीन आणि सहा लिटरमध्ये काम करते. पाच माणसांच्या घरात एवढ्या एका बदलाने टाकीचा आकार हजारो लिटरने कमी होतो. बेसिनच्या आणि मोरीच्या नळांना एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी, लावा. आंघोळ बादलीनेच करा. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर घेतो.

नवे घर असेल तर या टप्प्यावर एक गोष्ट हट्टाने करून घ्या: फ्लश आणि बागेची पाइपलाइन पिण्याच्या लाइनपासून वेगळी टाका. भिंती उघड्या असताना याचा खर्च किरकोळ असतो. टाइल्स बसल्यावर तेच काम भिंती फोडून करावे लागते, आणि मग ते कोणी करत नाही.

३. छप्पर निवडा आणि स्वच्छ करा

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. १०० चौरस मीटर छपरावर वर्षाचे तीन हजार मिलिमीटर पडले आणि त्यातले ८० टक्के हाती लागले, तर २ लाख ४० हजार लिटर. आपल्याला हवे १५ हजार. म्हणून गोव्यात अख्ख्या छपराचा लोभ धरायची गरज बहुतेकदा नसते. फणसाखालची, आंब्याखालची, माकडांच्या वाटेवरची बाजू सोडून द्या. उघड्यावरची स्वच्छ बाजू घ्या.

मात्र छपराचा तुकडा फार लहान घेतला तर सहाव्या पायरीवर अडचण येते. ती का, ते तिथे सांगतो. साधारण नियम असा ठेवा: दर हजार लिटर टाकीमागे किमान सहा चौरस मीटर छप्पर. १५ हजारांच्या टाकीला ९० ते १०० चौरस मीटर झाले तर उत्तम.

मंगळुरी कौले या कामाला चांगली, पण दोन पावसाळ्यांत त्यांच्यावर शेवाळ चढते. एप्रिल-मेमध्ये ती कोरड्या कुंचल्याने झाडून घ्या, फुटकी बदला. स्लॅबवर घातलेला रंगीत पत्रा सर्वांत सोयीचा; त्यावरून पाणी भरभर येते आणि घाणही कमी साचते.

इशारा: कौलांना किंवा स्लॅबला गळतीविरोधी रंग, डांबर किंवा रसायन नुकतेच लावले असेल तर त्या पावसाळ्याचे पाणी पिण्यासाठी घेऊ नका. ॲस्बेस्टॉसच्या जुन्या पत्र्यांवरचे पाणी तर बागेलाच द्या.

४. पन्हळ: सर्वांत जास्त चुका इथे होतात

आषाढात सर आली की गोव्यातल्या पन्हळीतून पाणी वाहत नाही, तिच्यावरून उडी मारून पुढे अंगणात पडते. कारण पन्हळ अरुंद असते आणि कौलाच्या टोकापासून लांब बसवलेली असते. पन्हळीची आतली कड कौलाच्या टोकाखाली दोन-तीन बोटे आत गेली पाहिजे. रुंदी सहा इंचांहून कमी नको. लांब उताराचे छप्पर असेल तर आठ इंच घ्या.

उतार मीटरला एक सेंटिमीटर, आणि तो उतरत्या पाइपच्या दिशेने. हे लिहायला विचित्र वाटते, पण पाइप एका टोकाला आणि उतार दुसऱ्या टोकाला अशी घरे बार्देशात आणि तिसवाडीत मी इतकी पाहिली आहेत, की सांगितल्याशिवाय राहवत नाही. होते असे: पन्हळ लावणारा फॅब्रिकेटर आधी येऊन जातो, प्लंबर नंतर येतो आणि त्याला जिथे भिंत मोकळी दिसते तिथे तो पाइप उतरवतो. दोघांना एकाच दिवशी बोलवा. दोरी बांधून, लेव्हल ट्यूब (पातळी जुळवायची पाणी भरलेली पारदर्शक नळी) धरून, पाइपची जागा भिंतीवर खडूने काढा आणि मगच पहिले ब्रॅकेट ठोकू द्या. ब्रॅकेट दर दोन फुटांवर हवे. भरलेली पन्हळ जड असते. अंतर वाढले की मधेच पोट सुटते, तिथे पाणी तुंबते आणि डासांची पैदास होते.

उतरता पाइप चार इंची घ्या. तासाला १०० मिलिमीटर वेगाची सर धरली तर एक चार इंची पाइप सुमारे ४० चौरस मीटर छपराचे पाणी उतरवतो. म्हणजे १०० चौरस मीटरला तीन पाइप लागतात. एकच लावून भागवले तर जोराच्या सरीत पन्हळ भरून भिंतीवर पाणी येते, आणि चिऱ्याची भिंत ते पिते.

समुद्राजवळ जस्ताचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने लवकर गंजतो. तिथे पीव्हीसी किंवा ॲल्युमिनियम घ्या.

तपासणी: काम झाल्यावर पन्हळीच्या वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता. पाच मिनिटांनंतर कुठेही डबके उरता कामा नये. पाणी उरले तर कारागिराचे पैसे चुकते करण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

५. पहिले पाणी बाहेर काढा

आठ महिने कौलांवर धूळ, पक्ष्यांची आणि वटवाघळांची घाण, मोहर, सुका पाला साचतो. मृगाच्या पहिल्या सरीत हे सगळे खाली येते. हे एकदा डोळ्यांनी पाहावे: उतरत्या पाइपखाली पांढरी बादली ठेवा. पहिले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे येते, तळाला बारीक तांबडा गाळ बसतो, वर किड्यांचे पंख तरंगतात. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरी बादली लावा; तिचा तळ दिसतो. या दोन बादल्यांमधला फरक टाकीबाहेर ठेवणे एवढेच या पायरीचे काम आहे.

छपराच्या दर चौरस मीटरमागे निदान एक लिटर पहिले पाणी वगळायचे. झाडे जवळ असतील तर दोन. एका उतरत्या पाइपवर ३५ चौरस मीटर छप्पर येत असेल तर किमान ३५ लिटर. सहा इंची पाइपच्या एका मीटरमध्ये सुमारे साडेसतरा लिटर मावतात. म्हणून उतरत्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) लावून खाली दोन मीटर लांबीचा सहा इंची उभा पाइप सोडा आणि त्याला तळाशी स्क्रूचे झाकण लावा. घाण पाणी आधी या पाइपमध्ये भरते. तो भरला की मागून येणारे स्वच्छ पाणी आडव्या वाटेने टाकीकडे वळते.

झाकणाला अगदी लहान भोक पाडा किंवा बारीक तोटी बसवा, म्हणजे दोन सरींच्या मधल्या वेळात पाइप आपोआप रिकामा होईल. हे भोक पाल्याने बुजते. दर रविवारी झाकण उघडून धुवायचेच. न उघडलेला पाइप पहिल्या सरीत भरतो आणि मग पूर्ण पावसाळाभर भरलेलाच राहतो. त्यानंतरची सगळी घाण थेट टाकीत.

इशारा: वाळू, कोळसा आणि खडी घातलेले मोठे फिल्टर टाकीच्या तोंडावर बसवण्याचा मोह टाळा. गोव्याच्या सरीचा वेग त्यांना पेलत नाही. ते तुंबतात आणि पाणी बाजूने सांडते. टाकीआधी बारीक जाळीची टोपली आणि गाळ बसायला एक लहान चेंबर पुरे.

६. टाकी: जागा, बांधणी आणि भरण्याची वेळ

हजार लिटर पाण्याचे वजन एक टन. १५ हजार लिटर म्हणजे १५ टन. हे वजन जुन्या चिरेबंदी घराच्या स्लॅबवर चढवायचे नाही, कोणी कितीही खात्री दिली तरी.

जमिनीखालची टाकी लोकांना आवडते, कारण ती दिसत नाही. शेताकडेच्या, खाजनाजवळच्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीजवळच्या) सखल जागेत मात्र तिच्यात धोका आहे. जुलैत तिथे भूजल जमिनीच्या जवळपास येते आणि रिकामी टाकी होडीप्रमाणे वर उचलली जाते. प्लास्टिकची तर हमखास. पठारावर ही भीती नसते, पण जांभा फोडायचा खर्च टाकीहून जड होतो. माझे मत: घराच्या मागच्या, सावलीच्या बाजूला, चौथऱ्यावर उभी केलेली सिमेंट काँक्रीटची किंवा फेरोसिमेंटची (लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेली) टाकी. तळ जमिनीपासून दोन फूट उंच असेल तर खाली बादली लावून पंपाशिवाय पाणी मिळते. वीज गेलेल्या दिवशी याची किंमत कळते.

१५ हजार लिटरसाठी आतून तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि दोन मीटर पाण्याची उंची. वर एक फूट मोकळे. मधे भिंत घालून दोन कप्पे करा. एक धुताना दुसऱ्यात पाणी राहते, आणि एक बिघडला तरी सगळे जात नाही. नुसत्या चिऱ्यांची भिंत बांधून आतून प्लास्टर केलेली टाकी घेऊ नका. जांभा सच्छिद्र असतो आणि प्लास्टरला एक बारीक भेग पडली की पाणी जिरत जाते.

बांधताना या गोष्टी गवंड्याला लिहून द्या, तोंडी सांगू नका. आत येणारा पाइप तळापर्यंत न्यावा आणि टोकाला वर वळवावा, म्हणजे गाळ ढवळला जात नाही. पाणी घ्यायची तोटी तळापासून अर्धा फूट वर. तळाला गाळ काढायची वेगळी तोटी, आणि तळाचा उतार तिच्याकडे. जादा पाण्याचा पाइप आत येणाऱ्या पाइपपेक्षा लहान नको. प्रत्येक तोंडावर डास अडवणारी जाळी. झाकण असे, की आत उजेडाची तिरीपही जाणार नाही. उजेड गेला की शेवाळ आलेच.

नव्या सिमेंटच्या टाकीतले पहिले पाणी पिऊ नका. चुन्याचा अंश उतरतो. एकदा भरून, आठवडाभर ठेवून बागेला सोडा.

आता सर्वांत महत्त्वाचे. टाकी जूनमध्ये भरली याला काही अर्थ नाही. मेमध्ये लागणारे पाणी जितके उशिरा भरावे तितके चांगले, कारण ऑगस्टपर्यंत छप्पर धुऊन निघालेले असते आणि साठवणीचा काळही कमी होतो. पावसाळाभर टाकीतले पाणी मोकळेपणाने वापरा. चतुर्थीच्या सुमारास एक कप्पा धुऊन घ्या, तो भरत आला की दुसरा. सप्टेंबरमध्ये साधारण वर्षी दोनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो; १०० चौरस मीटर छपरावर दोनशे मिलिमीटर म्हणजे १६ हजार लिटर, आणि टाकी भरली. छप्पर ४० चौरस मीटरच असेल तर तेवढ्याच पावसात जेमतेम साडेसहा हजार येतात. मग धुण्याचे काम ऑगस्टच्या सुरुवातीलाच उरकावे लागते. तिसऱ्या पायरीवर छपराचा तुकडा फार लहान घेऊ नका म्हटले ते यासाठी.

दसऱ्याच्या आसपासच्या गडगडाटी सरी चार-आठ कोरड्या दिवसांनंतर येतात. तेव्हाही पहिल्या पाण्याचा पाइप रिकामा असल्याची खात्री करा.

तपासणी: दिवाळीला टाकीची पातळी आतल्या भिंतीवर रंगाने खुणवा, येणारे पाणी आणि तोट्या बंद करा, आठ दिवसांनी पाहा. पातळी उतरली असेल तर भेग शोधायला अजून कोरडे दिवस पुष्कळ आहेत.

७. जादा पाणी आणि विहीर

टाकी भरल्यावरचे पाणी विहिरीत सोडावे का? याला जागेनुसार उत्तर बदलते.

पठारावर जांभ्यात पाणी झटकन मुरते आणि तितक्याच लवकर उतारावरच्या झऱ्यांतून निघून जाते. तिथे मुरवलेले पाणी खालच्या वाड्याला उपयोगी पडेल, तुमच्या विहिरीला मेमध्ये दिसेलच असे नाही. मुरवा जरूर, पण त्याच्या भरवशावर टाकी लहान करू नका. किनाऱ्यालगत मात्र मुरवणे फार मोलाचे. वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याचा एक मीटर थर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी तग धरते. वरचा एक मीटर पंपाने ओढून कमी केला की खालून खारे पाणी चढते. म्हणून तिथे विहीर भरणे आणि उपसा कमी ठेवणे, दोन्ही हवे.

विहिरीत फक्त छपराचे, पहिले पाणी वगळलेले पाणी सोडा. अंगणातले, गोठ्यावरचे, रस्त्यावरचे कधीही नाही. शोषखड्डा घराच्या पायापासून निदान तीन मीटर दूर. डोंगर कापून घर बांधले असेल तर कापलेल्या कड्याच्या माथ्यावर खड्डा खणू नका. जांभ्याखालच्या मऊ चिकणमातीत पाणी शिरले की दरड घसरते. नवी विहीर किंवा कूपनलिका काढायची असेल तर २००२ च्या गोवा भूजल नियमन कायद्याखाली आधी परवानगी लागते.

सेप्टिक टँकचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर तरी दूर असावा. भेगाळ जांभ्यात मी याहून जास्त अंतर मागतो.

८. वापरलेले पाणी

न्हाणीचे पाणी केळी-माडांना देण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. नव्या घरांत ते थेट सेप्टिक टँकला जोडतात आणि तो लवकर भरतो. न्हाणी आणि धुण्याच्या दगडाची लाइन वेगळी काढून खडी भरलेल्या चरातून झाडांना द्या. हे पाणी साठवून ठेवू नका, एका दिवसात कुजते. पालेभाजीला देऊ नका. स्वयंपाकघरातले पाणी तेलकट असते. त्याला आधी तेल अडवणारी पेटी हवी, नाहीतर चर महिनाभरात बुजतो.

९. पिण्याआधी

साठवलेले पाणी उकळून किंवा क्लोरीन घालून प्यावे. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम. बादलीत कालवून, निवळी तेवढी टाकीत ओतावी आणि तासभर थांबावे. उघड्या पिशवीतली जुनी पावडर निकामी झालेली असते. वर्षातून एकदा, शक्यतो मार्चमध्ये, प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या. १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जंतू अजिबात नसावेत.

इशारा: पावसाच्या टाकीची लाइन नळाच्या लाइनला व्हॉल्व्ह लावूनसुद्धा जोडू नका. नळाचा दाब गेला की तुमच्या टाकीतले पाणी उलटे ओढले जाऊन गावाच्या लाइनमध्ये जाते. नळाचे पाणी टाकीत घ्यायचेच असेल तर वरून, हवेत अंतर सोडून पडू द्या.

पैसे एकदम नसतील तर

पहिल्या वर्षी गळती आणि फ्लश. दुसऱ्या वर्षी एका बाजूची पन्हळ, पहिल्या पाण्याचा पाइप आणि दोन हजार लिटरची साधी काळी टाकी. तेवढ्यात पाच माणसांचे पिण्या-स्वयंपाकाचे चाळीस दिवस निघतात. मोठी टाकी तिसऱ्या वर्षी, तोवर तुमच्या छपराचे पाणी कसे येते ते कळलेले असते. चौथरा मात्र दुसऱ्या वर्षीच पुढच्या टाकीच्या मापाचा बांधून ठेवा.